कॅफीन व धातुलवणे

कॅफीन व धातुलवणे : चहा, कॉफी, कोको इ. वनस्पतिज द्रव्यांत आढळणारे कॅफीन हे अल्कलॉइड शिसे, चांदी, पारा, प्लॅटिनम, लोह यांसारख्या धातूंच्या लवणांशी कसे वागते, हा रसायनशास्त्राच्या इतिहासातील एक बोधप्रद विषय आहे. कॅफीन शुद्ध स्वरूपात मिळविणे, त्याचा रेणुभार ठरविणे, त्याची संरचना निश्चित करणे व इतर अल्कलॉइडांपासून ते वेगळे ओळखणे या चारही कामांत रसायनशास्त्रज्ञांनी धातुलवणांचा आधार घेतला. या दीर्घ अभ्यासातून निष्पन्न झालेली मुख्य गोष्ट मात्र काहीशी अनपेक्षित आहे. चहाच्या अर्कात धातूचे लवण घातले असता धातू ज्याला पकडतो ते द्रव्य बहुधा कॅफीन नसून टॅनीन असते. चहामुळे अन्नातील लोहाचे शोषण कमी होते, हे आता सर्वमान्य आहे. परंतु त्याचा दोष सामान्यतः कॅफिनाला दिला जातो. हा दोष नेमका कोणाचा, याचा निर्णय पालघर जिल्ह्यातील बोर्डी, डहाणू व तलासरी यांसारख्या भागांच्या दृष्टीने केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय नाही. तेथील अनेक स्त्रियांना रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि चहा हे तेथील घरोघरचे पेय आहे.

रासायनिक स्वरूप : कॅफिनाच्या एका रेणूत कार्बनाचे ८, हायड्रोजनाचे १०, नायट्रोजनाचे ४ व ऑक्सिजनाचे २ अणू असून त्याचा रेणुभार सु. १९४ आहे. ते पांढऱ्या, रेशमासारख्या तलम सुयांच्या रूपात स्फटिकीभूत होते. त्याची चव कडू असते. साधारण तापमानाच्या १०० मिलि. पाण्यात ते जेमतेम २ ग्रॅम विरघळते. उकळत्या पाण्यात मात्र त्याची विद्राव्यता अनेक पटींनी वाढते. संरचनेच्या दृष्टीने ते झँथीन या संयुगाचा ट्रायमिथिल अनुजात आहे. झँथिनाच्या रेणूत नायट्रोजन अणूंना जोडलेले तीन हायड्रोजन अणू असतात. त्या तिन्हींच्या जागी मिथिल गट आले म्हणजे कॅफीन बनते. त्यांपैकी दोनच जागी मिथिल गट आले, तर जागांनुसार थिओब्रोमीन अथवा थिओफिलीन ही संयुगे मिळतात. थिओब्रोमीन हे कोकोतील प्रमुख अल्कलॉइड असून थिओफिलीन चहात अल्प प्रमाणात असते. अल्ब्रेख्ट कोसेल यांनी ते १८८८ मध्ये चहाच्या अर्कातून वेगळे केले.

हा फरक लहान दिसला, तरी धातुलवणांच्या बाबतीत तो निर्णायक ठरतो. थिओब्रोमीन व थिओफिलीन यांच्या रेणूंत नायट्रोजनाला जोडलेला एक हायड्रोजन अणू शिल्लक असतो. तो अम्लीय असल्यामुळे त्याची जागा चांदीसारख्या धातूला घेता येते आणि लवण तयार होते. कॅफिनात असा हायड्रोजन उरलेलाच नसतो. म्हणून अम्लाप्रमाणे वागून धातूचे लवण बनविणे त्याला शक्य होत नाही. क्षारक म्हणूनही ते अतिशय दुर्बल आहे. त्याची अम्लांबरोबर बनणारी लवणे पाण्यात घातली असता सहज विघटन पावतात. धातूशी थेट बंध जोडण्यासाठी त्याच्याजवळ मुख्यत्वे एकच सोयीची जागा राहते; ती म्हणजे पाच अणूंच्या वलयातील ९ क्रमांकाचा नायट्रोजन अणू.

शोध : १८१९ मध्ये जर्मन कवी गटे यांनी फ्रीडलीप फेर्डिनांट रुंगे या तरुण रसायनशास्त्रज्ञाला कॉफीच्या बिया देऊन त्यांचे विश्लेषण करण्यास सुचविले. रुंगे यांनी त्यांतून कॅफीन वेगळे केले. १८२१ च्या सुमारास फ्रान्समध्ये पेल्त्ये व काव्हांतू यांनी, तसेच रोबीके यांनी स्वतंत्रपणे तेच द्रव्य मिळविले. १८२७ मध्ये औद्री यांनी चहातून मिळालेल्या स्फटिकी पदार्थाला ‘थेईन’ असे नाव दिले. चहातील थेईन व कॉफीतील कॅफीन ही दोन निराळी द्रव्ये आहेत, असा समज सु. दहा वर्षे टिकला. १८३८ मध्ये मुल्डर व योब्स्ट यांनी ती एकच असल्याचे दाखवून दिले. ‘थेईन’ हे नाव त्यानंतरही बराच काळ व्यवहारात राहिले.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर चहाची ओळख या शोधाच्या आधीची आहे. इंग्रज धर्मोपदेशक जॉन ओव्हिंग्टन हे १६८९ मध्ये सुरतेस होते. तेथील बनिया लोक गरम मसाले, खडीसाखर किंवा मुरवलेले लिंबू घालून चहा घेत असल्याचे त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात नोंदविले आहे. डोकेदुखी व पोटाच्या तक्रारी यांवरचा उपाय म्हणूनही त्याचा उपयोग होत असे. सर्वसामान्यांच्या रोजच्या आहारात चहा शिरला, तो मात्र विसाव्या शतकात.

शिशाच्या लवणांचा उपयोग : चहाच्या पानांत कॅफिनाचे प्रमाण २ ते ४ टक्के, तर टॅनीनवर्गीय पॉलिफिनॉलांचे प्रमाण ताज्या पानातील शुष्कांशाच्या सु. २५ ते ३० टक्के असते. त्यामुळे चहाचा अर्क नुसता आटविला, तर कॅफीन स्फटिकरूपाने सहजासहजी मिळत नाही. त्याला टॅनिनाचे व रंगद्रव्यांचे चिकट मिश्रण चिकटून राहते. ही अडचण शिशाच्या लवणाने दूर केली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील रसायनशास्त्रज्ञ चहाच्या उष्ण अर्कात क्षारीय लेड ॲसिटेटाचा विद्राव घालीत. शिशाचा टॅनिनाशी संयोग होऊन जड साका तळाशी बसे. गाळून घेतलेल्या द्रवातील उरलेले शिसे हायड्रोजन सल्फाइड वायूने काढून टाकीत आणि द्रव आटविला की, कॅफिनाचे स्वच्छ स्फटिक मिळत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ यूजीन पेलिगो यांनी १८४३ मध्ये या पद्धतीच्या साहाय्याने चहातील कॅफिनाचे मापन केले. त्यापूर्वीच्या अनेक मापनांत मिळालेल्या प्रमाणापेक्षा त्यांना आढळलेले प्रमाण पुष्कळच अधिक होते.

या पद्धतीचे यश कॅफिनाच्या एका उणिवेवर आधारलेले आहे. शिसे टॅनिनाला पकडून खाली नेते व कॅफिनाला जसेच्या तसे विद्रावात सोडून देते. कॅफीन शिशाशी बद्ध होत असते, तर या मार्गाने ते मिळालेच नसते. पुढे शिशाच्या विषारीपणामुळे ही रीत मागे पडली. तिच्याऐवजी चुना, मॅग्नेशिया किंवा सोडियम कार्बोनेट वापरून टॅनिनाचे लवणात रूपांतर करणे आणि नंतर क्लोरोफॉर्मासारख्या विद्रावकाने कॅफीन काढून घेणे ही पद्धत रूढ झाली. महाविद्यालयांतील प्रयोगशाळांत चहाच्या पुडीतून कॅफीन काढण्याचा जो प्रयोग विद्यार्थी करतात, त्यामागील तत्त्व हेच आहे. धातू बदलला, तरी श्रमविभाग तोच राहिला : धातूने टॅनीन घ्यावयाचे आणि कॅफीन सोडावयाचे.

कॉफीच्या बाबतीत एक लक्षणीय अपवाद आढळला. १८४६ मध्ये पेयां यांनी हिरव्या, न भाजलेल्या कॉफीच्या बियांतून पोटॅशियम, कॅफीन व एक नवे अम्ल यांचे मिळून बनलेले स्फटिकी संयुग वेगळे केले. या अम्लाला क्लोरोजेनिक अम्ल म्हणतात. ते क्षारीय विद्रावात हवेच्या संपर्काने हिरवे होते, त्यावरून हे नाव पडले असून त्याचा क्लोरिनाशी काही संबंध नाही. या संयुगात धातू, कॅफीन व पॉलिफिनॉल तिन्ही एकत्र नांदतात. तथापि त्यातही पोटॅशियमाचे लवण बनते ते क्लोरोजेनिक अम्लाशी. कॅफिनाचे सपाट रेणू अम्लाच्या सपाट वलयांवर चळत रचल्याप्रमाणे बसलेले असतात. दाट चहा थंड झाल्यावर गढूळ होतो, त्याचे कारणही काहीसे असेच आहे. चहातील कॅफीन व पॉलिफिनॉले यांचे सैल संयोग गार पाण्यात विरघळून राहत नाहीत आणि ‘साय’ धरल्यासारखा गढूळपणा येतो. म्हणजे पेल्यातील कॅफिनाची खरी जवळीक धातूशी नसून टॅनिनाशी असते.

चांदीची लवणे व संरचनेचा निर्णय : कॅफिनाची रासायनिक कुळी ठरविण्यात धातुलवणांनी केलेली कामगिरी मोठी आहे. १८६१ मध्ये आडोल्फ श्ट्रेकर यांनी थिओब्रोमिनाचे चांदीचे लवण तयार करून ते मिथिल आयोडाइडाबरोबर तापविले. चांदी आयोडिनाशी संयोग पावून बाजूला झाली, तिची जागा मिथिल गटाने घेतली आणि मिळालेला पदार्थ कॅफीन ठरला. कोकोतील व कॉफीतील अल्कलॉइडांमध्ये केवळ एका मिथिल गटाचा फरक आहे, हे या एका प्रयोगाने सिद्ध झाले. एमील फिशर यांनी १८८२ मध्ये हीच युक्ती आणखी एक पायरी मागे नेली. त्यांनी झँथिनाचे शिशाचे लवण मिथिल आयोडाइडाबरोबर तापवून थिओब्रोमीन मिळविले. झँथीन, थिओब्रोमीन व कॅफीन ही अशा प्रकारे एकाच माळेतील संयुगे ठरली.

१८९५ मध्ये फिशर व लोरेंट्स आख यांनी साध्या संयुगांपासून आरंभ करून कॅफिनाचे संश्लेषण साधले. १८९७ पर्यंत फिशर यांनी त्याच्या संरचनेचा प्रश्न निकालात काढला. शर्करा व प्यूरीन वर्गातील संयुगे यांवरील कार्याबद्दल त्यांना १९०२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या सर्व मालिकेत चांदी अथवा शिसे ज्या संयुगांत शिरले, ती कॅफीन बनण्याच्या आधीची संयुगे होती. शेवटचा मिथिल गट बसला की, धातूला शिरण्यास वाव उरत नाही. कॅफीन ही त्या माळेची अखेरची कडी असल्याची खूण हीच होय.

अल्कलॉइडांच्या कसोट्या व द्विलवणे : विषप्रयोगाच्या चौकशीत तसेच औषधांच्या परीक्षणात अल्कलॉइडे ओळखण्यासाठी जड धातूंच्या लवणांचे विद्राव वापरतात. १८६३ च्या सुमारास प्रचारात आलेला मायर विक्रियाकारक म्हणजे पारा व पोटॅशियम यांच्या आयोडाइडांचा विद्राव होय. क्विनीन, स्ट्रिक्नीन, मॉर्फीन इ. बहुतेक अल्कलॉइडे त्याच्यामुळे फिकट साक्याच्या रूपाने खाली बसतात. कॅफीन मात्र बसत नाही. औषधिकोशांनी या नकाराचाच कसोटी म्हणून उपयोग केला. मायर विक्रियाकारकाने साका न येणे आणि टॅनिक अम्लाने साका येऊन जास्त टॅनिक अम्लात तो पुन्हा विरघळणे, ही कॅफिनाची लक्षणे म्हणून दिलेली आढळतात. ज्या धातुलवणाला इतर अल्कलॉइडे प्रतिसाद देतात, त्याला कॅफीन देत नाही आणि टॅनिनाला मात्र देते, हे या जोडकसोटीत एकत्र पाहावयास मिळते. कॅफिनाची खात्रीलायक ओळख म्यूरेक्साइड कसोटीने पटते. पोटॅशियम क्लोरेट व हायड्रोक्लोरिक अम्ल यांबरोबर आटविलेल्या अवशेषाला अमोनियाची वाफ दिली असता जांभळा रंग येतो. हा रंग कोणत्याही जड धातूमुळे येत नसून ऑक्सिडीभवनाने मोडलेल्या झँथीन वलयामुळे येतो.

तीव्र अम्लात परिस्थिती थोडी निराळी असते. तेथे कॅफिनाच्या रेणूला एक हायड्रोजन आयन जोडला जातो आणि प्लॅटिनम अथवा सोने यांच्या क्लोराइडांबरोबर त्याची स्फटिकी द्विलवणे मिळतात. एकोणिसाव्या शतकात अल्कलॉइडांचा रेणुभार ठरविण्यासाठी अशी द्विलवणे तापवून मागे उरलेली धातू तोलण्याची पद्धत होती. त्या लवणांत धातू क्लोरिनाच्या अणूंनी वेढलेल्या ऋण आयनात असतो आणि कॅफीन धन आयनाच्या रूपात शेजारी उभे असते. नाव ‘कॅफीन प्लॅटिनीक्लोराइड’ असले, तरी दोघांत थेट बंध नसतो.

कॅफीन व धातू यांचा थेट बंध असलेली जटिल संयुगे विसाव्या शतकात क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यासली गेली. तांबे, पॅलॅडियम, प्लॅटिनम इ. धातूंच्या बाबतीत बंध ९ क्रमांकाच्या नायट्रोजनाशी जुळलेला आढळतो. कॅफिनावर आणखी एक मिथिल गट चढवून मिळणाऱ्या धन आयनापासून चांदीची कार्बीन संयुगे बनविता येतात. श्वसनमार्गातील औषधप्रतिकारक जंतूंवर ती परिणामकारक असल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि अशी संयुगे प्रयोगशाळेत मुद्दाम निवडलेल्या परिस्थितीत बनतात. चहाच्या पेल्यातील किंवा जठरातील पातळ विद्रावात पाण्याचे रेणू व इतर द्रव्ये धातूभोवती असतात आणि कॅफिनाचा दुर्बल नायट्रोजन त्यांच्यापुढे टिकत नाही. औषधांत वापरले जाणारे ‘कॅफीन सोडियम बेंझोएट’ हेही खऱ्या अर्थाने सोडियमाचे कॅफीनलवण नव्हे. बेंझोएटाच्या सान्निध्यात कॅफीन पाण्यात अधिक विरघळते, एवढाच त्या मिश्रणाचा उद्देश असतो.

टॅनीन व लोह : कॅफीन व धातू यांचा संबंध जितका सैल, तितका टॅनीन व लोह यांचा घट्ट आहे. तो माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. इ. स. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी यांनी तांब्याच्या गंजात केलेली लोहलवणाची भेसळ ओळखण्यासाठी मायफळाच्या अर्कात भिजविलेला पपायरस वापरावा, असे सांगितले आहे. लोह असल्यास तो काळा पडतो. यूरोपात शतकानुशतके वापरात असलेली काळी शाई याच विक्रियेने बनत असे. भारतात रंगारी लोक हिरड्याच्या अर्कात भिजविलेले कापड गंजलेले लोखंड व गूळ यांच्या आंबविलेल्या पाण्यात बुडवून काळा रंग मिळवीत. महाराष्ट्रातील हिरड्याला कातडी कमावण्यासाठी परदेशांतही मागणी होती आणि निर्यातीच्या व्यापारी प्रतींपैकी एक वेंगुर्ल्याच्या नावाने ओळखली जाई. लोखंडी कढईत आवळा शिजविला की काळा पडतो, हा घरोघरचा अनुभव त्याच विक्रियेचा आहे.

टॅनिनाच्या रेणूत बेंझीन वलयावर शेजारी शेजारी असलेले दोन किंवा तीन हायड्रॉक्सिल गट असतात. लोहाचा आयन चिमटीत धरावा, तसा या गटांमध्ये पकडला जातो. आतड्यातील जवळपास उदासीन परिस्थितीत हा संयोग अविद्राव्य असतो. त्यामुळे त्यातील लोह आतड्याच्या अस्तरातून शोषले जात नाही. कॅफिनाच्या रेणूत असे हायड्रॉक्सिल गट मुळीच नसतात. केवळ संरचनेवरूनच लोहाच्या बाबतीत दोष कोणाचा असावा, याचे अनुमान करता येते. अनुमानाला मानवावरील प्रयोगांची जोड मात्र १९७५ नंतर मिळाली.

लोहाच्या शोषणावरील प्रयोग : १९७५ मध्ये डिस्लर व त्यांचे सहकारी यांनी किरणोत्सर्गी लोहाच्या साहाय्याने चहाचा परिणाम मोजला. फेरिक क्लोराइड व फेरस सल्फेट ही लोहलवणे, पाव तसेच भात व बटाटा-कांद्याचे सूप असे जेवण यांतील लोहाचे शोषण चहामुळे कमी होते, असे त्यांना आढळले. क जीवनसत्त्व बरोबर दिले, तरी चहाचा अटकाव दिसून आला. शिजविलेल्या रक्तारुणातील (हीमोग्लोबिनातील) लोहावर मात्र चहाचा परिणाम झाला नाही. या अटकावाचे कारण लोह व टॅनीन यांचे अविद्राव्य संयुग हे होय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्यांचा आहार मुख्यतः शाकाहारी आहे, त्यांना जेवणाबरोबर चहा घेण्याची सवय बाधक ठरू शकते, असेही त्यांनी नमूद केले.

१९८३ मध्ये मॉर्क, लिंच व कुक यांनी कॉफीचा अभ्यास केला. मांसाच्या जेवणाबरोबर एक पेला कॉफी घेतल्यास लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी, तर चहा घेतल्यास ६४ टक्क्यांनी घटले. कॉफीत कॅफीन चहाहून सामान्यतः अधिक असते. कॅफीन हे कारण असते, तर हा क्रम उलटा यावयास हवा होता. जेवणापूर्वी एक तास घेतलेल्या कॉफीचा काहीच परिणाम दिसला नाही. जेवणानंतर एका तासाने घेतलेल्या कॉफीचा मात्र जेवणाबरोबर घेतल्याइतकाच दिसला. १९८९ मध्ये ब्रून, रोसांडर व हालबेर्य यांनी पावाबरोबर शुद्ध टॅनिक अम्ल देऊन पाहिले. ५ मिग्रॅ. अम्लाने शोषण २० टक्के, २५ मिग्रॅ.ने ६७ टक्के व १०० मिग्रॅ.ने ८८ टक्के घटले. या प्रयोगात कॅफिनाचा संबंधच नव्हता. क्लोरोजेनिक अम्लाचा परिणाम टॅनिक अम्लापेक्षा सौम्य आढळला. चहापेक्षा कॉफीचा अटकाव कमी का, याचा उलगडा त्यावरून होतो.

सर्वांत स्पष्ट पुरावा १९९९ मध्ये हरेल, रेड्डी व कुक यांनी दिला. पावाच्या न्याहारीबरोबर घेतलेल्या काळ्या चहाने लोहाचे शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटविले. पुदिन्याच्या कुळातील पेपरमिंटाच्या काढ्याने ते ८४ टक्क्यांनी घटविले. पेपरमिंटात कॅफीन अजिबात नसते. चहात किंवा कॉफीत दूध घातल्याने परिणामात फारसा फरक पडला नाही. १९०५ च्या सुमारास लूटव्हिख रोझेलिऊस यांच्या प्रयत्नांतून कॅफीनरहित कॉफीचा व्यापारी उद्योग सुरू झाला. अशा कॉफीतूनही क्लोरोजेनिक अम्ल बरेचसे तसेच राहत असल्यामुळे लोहाच्या दृष्टीने ती निर्धोक ठरत नाही.

कॅफिनाचा शरीरातील धातूंवर काहीच परिणाम होत नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. कॅफिनामुळे मूत्रावाटे जाणाऱ्या कॅल्शियमाचे प्रमाण काहीसे वाढते. परंतु हा परिणाम मूत्रपिंडाच्या कार्यावरील आहे. कॅफीन व कॅल्शियम यांच्या रासायनिक संयोगाचा नव्हे. पुरेसे दूध व इतर कॅल्शियमयुक्त अन्न घेणाऱ्यांच्या बाबतीत तो नगण्य असतो.

बोर्डी परिसर व आजचे महत्त्व : बोर्डी हे डहाणू तालुक्यातील अरबी समुद्राच्या काठचे गाव असून ते पूर्वी ठाणे जिल्ह्यात व १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. किनाऱ्यालगत पारशी व इराणी बागायतदारांच्या चिकूच्या वाड्या असून डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कच्च्या चिकूचा तुरटपणा टॅनिनामुळेच असतो. पूर्वेकडे डोंगराळ भागात व तलासरी तालुक्यात वारली, कोकणा, धोडिया, काटकरी इ. आदिवासींची वस्ती आहे. किनाऱ्यावरील पारशी व इराणी घरांत गवती चहा व पुदिना घातलेला चहा आवडीने घेतात, तर पाड्यांवर पुष्कळदा दूध न घातलेला कोरा चहा होतो. भात, नागली व डाळ या मुख्य अन्नातील लोह वनस्पतिज असते आणि टॅनिनाचा अटकाव याच प्रकारच्या लोहाला सर्वाधिक होतो. सुकी मासळी ताटात असेल, तर शोषणास काहीशी मदत होते.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सु. ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. रक्तक्षयाचे कारण सर्वत्र एकच नसते. आदिवासी भागात अपुरा आहार, आतड्यातील कृमी, मलेरिया व दात्रकोशिका रोग (सिकल सेल) हीही कारणे असतात आणि त्यांवर चहा सोडणे हा उपाय नव्हे. परंतु लोहाच्या कमतरतेवर भारतात १९७० पासून राष्ट्रीय कार्यक्रमांतून लोह व फॉलिक अम्ल यांच्या गोळ्या दिल्या जात आहेत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या कार्यक्रमात गरोदर स्त्रीला रोज ६० मिग्रॅ. लोह असलेली गोळी किमान १८० दिवस देण्याची तरतूद आहे. या गोळ्यांत सामान्यतः फेरस सल्फेट असते. डिस्लर यांच्या प्रयोगात चहाने ज्याचे शोषण अडविले, तेच हे लवण होय. गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळली, तर लोहाचा मोठा अंश टॅनिनात अडकून वाया जातो आणि गोळी घेऊनही रक्त वाढत नाही, असा अनुभव येतो.

हा सल्ला घरापर्यंत पोहोचविणारी यंत्रणा म्हणजे अंगणवाडी. तिच्या कल्पनेचा उगम याच परिसरात आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. त्या व अनुताई वाघ यांनी तेथे पाड्यांच्या अंगणात मुलांना एकत्र करून बालवाडी चालविण्याचा प्रयोग केला. १९५७ मध्ये हे केंद्र जवळच्या कोसबाड टेकडीवर हलविण्यात आले. १९७५ मध्ये देशभर सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

दोष कॅफिनाचा मानला, तर सल्ला चुकतो. कॅफीन नसलेला पुदिन्याचा काढा किंवा दूध घातलेला चहा गोळीबरोबर चालेल, असा समज होतो आणि प्रयोगांनी तो खोटा ठरविला आहे. दोष टॅनिनाचा व तोही एकाच वेळी पोटात येण्याचा आहे, हे लक्षात घेतले, तर उपाय सोपा राहतो. चहा सोडण्याची गरज नाही, त्याची वेळ बदलावी लागते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनातही जेवणापूर्वी व जेवणानंतर निदान एक तास चहा व कॉफी टाळण्याची सूचना आहे. तेवढे अंतर ठेवून गोळी पाण्याबरोबर, शक्य असल्यास लिंबू किंवा आवळा यांसारख्या आंबट फळाबरोबर घ्यावी. एकाच जेवणावर मोजलेला हा अटकाव दीर्घकालीन आहारात काहीसा सौम्य होतो आणि शरीरात लोहाचा साठा पुरेसा असलेल्या व्यक्तीला तो जाणवतही नाही. ज्यांचा साठा मुळातच अल्प असतो, त्यांच्या बाबतीत मात्र ही काळजी महत्त्वाची ठरते. पेलिगो यांच्या काळी शिशाच्या लवणाने टॅनीन व कॅफीन यांची जी फारकत केली, तीच लोहाच्या लवणाच्या बाबतीत आतड्यात घडते : धातू टॅनिनाबरोबर जातो आणि कॅफीन वेगळे राहून रक्तात मिसळते.